मॉपच्या काठीवर उभं बॉनेट

तर झालं एकदाचं. गाडीच्या बॉनेटचे दोन शॉकर (बॉनेट उघडं धरून ठेवणारे गॅसचे दांडे) आणि आतला तो आवाज-उष्णता अडवणारा काळा नमदा बदलायला मला २४ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर लागले, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस, आणि प्रत्यक्ष काम किती तर दोन दिवसांचं मिळून साडेतीन तास. बाकीचा वेळ शोधण्यात, थांबण्यात, चुकीचा पार्ट परत करण्यात आणि एकदा एक्सरेच्या लाईनीत गेला. मी मेकॅनिक वगैरे नाही, अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे हे वाचून कोणाला वाटलं की हिला जमलं तर आपल्यालाही जमेल, तर ते बरोबरच आहे.

गाडी बाबांची. नोव्हेंबर २०१० ची डिझेल, जर्मन सेडान, त्यांनी २०१४ ला सेकंडहँड घेतलेली. कंपनी कुठली ते लिहीत नाही कारण पंधरा वर्षांनी फोम आणि रबर सगळ्यांचंच जातं. चेंबूरला आमच्या सोसायटीत छपराखालची पार्किंग पाच जणांना, त्यात आम्ही नाही, गाडी रेन ट्रीखाली उभी असते. घाई होती ती एवढ्यासाठी की नोव्हेंबरला पंधरा वर्षं पूर्ण होऊन आरसी संपणार होती, रिन्यू करायची तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, आणि आमच्या गाडीचा चेसिस नंबर ठोकलाय बॉनेटखाली. म्हणजे साहेबांसमोर बॉनेट उघडायचं आणि ते उघडं राहायला पाहिजे.

२०२५ च्या ऑगस्टमधला पाऊस आठवत असेलच, १८-१९ तारखेला तर सगळं ठप्प होतं. गाडी आठ दिवस हलली नव्हती म्हणून २४ ला रविवारी बॅटरी बघायला बॉनेट उचललं, हात सोडला, तर ते लिफ्टसारखं सावकाश खाली यायला लागलं. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मोबाईलचा टॉर्च मारला. वरचा नमदा मधोमध पोट सुटल्यासारखा लोंबत होता, कापड फाटलेलं, आतला फोम हात लागला की भाकरीच्या पिठासारखा खाली पडत होता. आणि इंजिनच्या कव्हरवर एक व्यवस्थित, वाटीएवढं उंदराचं घरटं. त्यात आमचाच नमदा, वेफरच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, वडापावचा कागद आणि कुठल्यातरी लहान मुलाच्या मोज्याची टाच. घरमालक बाहेर गेले होते.

मी ओरडले तसे बाबा वर गेले आणि मॉपची काठी घेऊन आले, बॉनेटला टेकवली आणि म्हणाले, "हं, बघ आता." मी विचारलं, बाबा हे कधीपासून? तर म्हणे दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस काठी लावून वायपरचं पाणी भरतोय आणि घरात कोणाला पत्ता नाही. आईला फक्त एवढंच माहीत होतं की मॉपची काठी सारखी गायब असते.

नमद्याचं काय एवढं, काढून टाका, असं मला चार जणांनी सांगितलं. इंजिनचा आवाज आणि उष्णता अडवायला तो असतो, उष्णता सतत लागून वरचा रंग खराब होऊ नये हे त्याचं मोठं काम. नसला तरी गाडी चालते. पण अर्धवट फाटलेला असणं हे नसण्यापेक्षा वाईट, कारण ते तुकडे गरम भागावर पडतात, आणि वायपरखालच्या जाळीतून आत जाऊन पाणी जायची भोकं बुजवतात. आमच्या डाव्या सीटच्या पायाखाली ओल का येते हे कोडं दोन पावसाळे सुटत नव्हतं, ते तिथे सुटलं. जाळी काढली तर आत रेन ट्रीची बारीक पानं आणि फोम यांचा चिखल, मी चमच्याने काढला. (चमचा टाकून दिला, आई.)

गणपती २७ ला होते, दीड दिवसाचे, ते झाल्यावर २९ ला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. चेसिस नंबर घेतला आणि संध्याकाळी कोटेशन आलं. लायनर, म्हणजे तोच नमदा, १३,९०० रुपये, शॉकरची जोडी ९,४००, मजुरी वेगळी, निम्मे पैसे आगाऊ, तीन ते चार आठवडे लागतील, एकदा मागवलं की परत नाही. पंधरा वर्षं जुन्या गाडीवर मजुरी धरून पंचवीस हजार घालायची माझी तयारी नव्हती. पण ते कोटेशन फुकटचं सोनं निघालं, कारण त्यात दोन्ही पार्टचे पूर्ण नंबर छापलेले होते. हा नंबर आधी मिळवा. मी नंतर जी चूक केली ती नंबर खिशात असून न वापरल्यामुळे केली.

७ सप्टेंबरला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, एक शॉकर काढला. सोपं आहे. दोन्ही टोकांना वाटी असते, ती गाडीवरच्या गोळ्यावर बसते, आणि वाटीला बाहेरून एक स्प्रिंगची क्लिप. बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती क्लिप जरा उचलायची, पूर्ण काढायची नाही, ती उडाली की गटारातच जाते, आणि शॉकर बाहेर ओढायचा. लांबी मोजली आईच्या शिवणाच्या टेपने, एका गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, शॉकर पूर्ण उघडलेला असताना. अंगावरचा छापा उन्हाने पुसट झाला होता, तिरक्या टॉर्चमध्ये ३८० न्यूटन (न्यूटन म्हणजे जोराचं माप) असं काहीसं दिसत होतं.

मंगळवारी ९ तारखेला हाफ डे टाकून तो शॉकर कापडी पिशवीत घातला आणि टिळक नगरहून गाडी पकडून कुर्ल्याला गेले. कुर्ला स्टेशनवर पोलिसाने पिशवी उघडायला लावली. हे काय? म्हटलं बॉनेटचा शॉकर. त्यांनी तो हातात घेतला, दोन्ही तळव्यांत धरून दाबला, दांडा मुकाट्याने आत गेला. "गेलाय हा," ते म्हणाले आणि पिशवी परत दिली. माझ्या अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात अचूक निदान ते. चांगला शॉकर असा हाताने दाबला जात नाही.

का नाही ते नंतर वाचून कळलं आणि मला फार आवडलं म्हणून सांगते. आत नायट्रोजन भरलेला असतो आणि थोडंसं तेल. आतल्या पिस्टनला भोक असतं, म्हणजे गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखाच, पण एका बाजूला दांड्याने जागा अडवलेली असते, तेवढ्या जागेचा जो फरक तोच दांडा बाहेर ढकलतो. ८ मिलीमीटरच्या दांड्याची जागा साधारण ५० चौरस मिलीमीटर, त्यावर ४०० न्यूटन, म्हणजे चाळीस किलोचा जोर काढायचा तर आत ८० बारच्या आसपास दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन असतो. वर्षानुवर्षं दांड्याजवळचं सील झिजतं, गॅस झिरपतो, आणि एक दिवस मॉप लागतो. म्हणूनच शॉकर, जुना असला तरी, भोक पाडून बघायचा नाही आणि आगीत तर अजिबात टाकायचा नाही. भंगारवाल्याला देतानाही मी तोंडाने सांगून दिला.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी गाडीच्या पार्टची पाच दुकानं फिरले. तिथे याला कोणी गॅस स्ट्रट म्हणत नाही, "बॉनेट शॉकर" म्हणा. नमद्याला कोणी बॉनेट मॅट म्हणतं, कोणी इन्सुलेशन. दोघांनी जुन्या गाडीतून काढलेला देऊ केला, तो घेऊ नका, त्याचंही वय तेच. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने माझा शॉकर दुसऱ्या एका शॉकरला चिकटवून धरला, लांबी सेम, टोकं सेम. "फिट्ट बैठेगा मॅडम." जोडी १,८०० रुपये. मी एवढी खूश झाले की नंबर मिळवून बघायचं सुचलंच नाही.

१० तारखेला ऑफिसमधून आल्यावर लावले. बॉनेट असं वर गेलं की बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग बंद करायला गेले तर होईना. मी लोंबकळले, बाबांनी जोर लावला, वॉचमन आला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बॉनेटचा मागचा कोपरा बिजागरीपाशी वर उचलला जातोय, पत्रा वाकायच्या बेतात आहे. थांबा, थांबा! नव्या शॉकरवर बघितलं तर ६०० न्यूटन. कुठल्यातरी जड डिक्कीचे असावेत. लांबी आणि टोकं जुळली तरी जोर जुळला पाहिजे हे मला असं कळलं. निमूटपणे काढले, जुने लावले, काठी लावली. शनिवारी दुकानात परत दिले, पैसे नाही मिळाले, चिठ्ठी मिळाली, की १,८०० चं काहीही न्या. त्यात मी वायपर ब्लेड, एअर फिल्टर आणि नमद्याच्या बारा प्लॅस्टिक क्लिपा २५ रुपयांनी घेतल्या. क्लिपा आपल्या गाडीला आहेत त्यापेक्षा दोन-तीन जास्त घ्याच, जुन्या काढताना तुटतातच, आमच्या अकरापैकी सात तुटल्या.

तिथूनच ऑपेरा हाऊसच्या पार्ट मार्केटला गेले. या वेळी काही दाखवलं नाही, फक्त पार्ट नंबर दिला. दुकानदार वयस्कर, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं, बाहेरच्या कंपनीचे पण त्याच नंबरचे शॉकर जोडी २,९००, लायनर ३,८००, टॅक्स वेगळा. आणि मग आपणहून म्हणाले, घाई नसेल तर २२ नंतर घ्या, पार्टवरचा टॅक्स २८ चा १८ होतोय. आता मी अकाउंट्सवाली. उभ्या उभ्या हिशोब केला, शॉकरवर २९०, लायनरवर ३८०, एकूण ६७० रुपये वाचतात. म्हटलं थांबते की, दहा दिवस तर आहेत.

दुसऱ्याच दिवशी, १४ ला, कूलंट बघायला बॉनेट उघडलं, काठी लावली, जमीन पावसाने ओली, काठीचं खालचं टोक सरकलं आणि बॉनेट थेट डाव्या मनगटावर. आवाज असा झाला की तळमजल्यावरचे काका धावत बाहेर आले. नशीब एवढंच की डोकं आत नव्हतं. डॉक्टर ८००, एक्सरे ६००, फ्रॅक्चर नाही, आठ दिवस क्रेप बँडेज. म्हणजे ६७० वाचवायला मी १,४०० घातले, आणि ही एन्ट्री कुठल्या खात्यात टाकायची ते अजून ठरलेलं नाही. बाबा त्या दिवशी रात्री जेवताना काहीच बोलले नाहीत. सकाळी बघितलं तर काठीच्या खालच्या टोकाला त्यांनी जुन्या चपलेचा रबरी तुकडा खिळ्याने ठोकला होता.

शॉकर गेले असतील तर पार्ट येईपर्यंत बॉनेट उघडूच नका. उघडावंच लागलं तर दुसऱ्या माणसाने धरायचं. काठी नको.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी सकाळी फोनवर ऑर्डर दिली. बिल व्हॉट्सअपवर आलं त्यात २८ टक्केच लावलेले. फोन केला तर म्हणाले सॉफ्टवेअर अपडेट व्हायचंय, दुपारी नवीन बिल पाठवलं, ३,४२२ आणि ४,४८४, एकूण ७,९०६. लायनर २४ ला आला, शॉकर २५ ला. लायनर गुंडाळून येतो आणि गुंडाळलेलाच राहायला बघतो, त्याला घडी घालायची नाही, सपाट पसरून एक-दोन दिवस ठेवायचा. आमच्याकडे सपाट जागा एकच, डायनिंग टेबल. नवरात्रात घरात रबराचा वास आणि तीन दिवस सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतायत. आईने काठीचा विषय तेव्हाच पहिल्यांदा काढला. म्हणाली, "मॉप कधी मिळणार मला?"

रविवारी २८ ला करायचं ठरलं होतं पण पाऊस. मग १ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शॉकर बसवले. आधी शॉकर, मग नमदा, हा क्रम उलटा करू नका, वर हात करून काम करताना बॉनेट स्वतःच्या पायावर उभं पाहिजे. माझा नववीतला मुलगा बॉनेट धरून उभा, मी एका बाजूचा काढून नवीन बसवला, मग दुसऱ्या बाजूचा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. दांडा वर की खाली, ते जुना जसा होता तसंच, आमच्यात दांडा खाली होता, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. गोळ्यावर बोटभर ग्रीस. वाटी गोळ्यावर दाबली की टक असा आवाज येतो, तो आला नाही तर बसलेली नाही. पंचवीस मिनिटं लागली. मग हळूच मुलाला म्हटलं, सोड. त्याने सोडलं. बॉनेट हललं नाही. बाबा धरून आम्ही तिघं तिथे उभं राहून एका न पडणाऱ्या बॉनेटकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे, वॉचमन विचारून गेला काही बिघडलंय का.

त्यानंतर जुना नमदा काढला आणि इथे मी गाढवपणा केला. मास्क लावला होता पण हातमोजे नाही, बाह्या वर सरकवलेल्या. त्या फोमच्या मागे काचेच्या लोकरीसारखा थर होता, त्याचे बारीक तंतू कोपरापर्यंत रुतले आणि रात्रभर खाज. खाजवायचं नाही, गार पाणी सोडायचं, मग सेलोटेप चिकटवून ओढायची, बरेच निघतात. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. खाली इंजिनवर जुनी चादर पसरली होती ते मात्र शहाणपणाचं, सगळा चुरा त्यात आला, गुंडाळून थेट कचऱ्यात. बॉनेटचा आतला पत्रा ओल्या फडक्याने पुसला, दोन ठिकाणी गंजाचे ठिपके होते, ते घासून प्रायमर मारला आणि रात्रभर वाळू दिला.

दसऱ्याला सकाळी सात वाजता नमदा. मधल्या क्लिपपासून सुरुवात करायची, मग बाहेर बाहेर, कोपऱ्यापासून केली की शेवटी दोन बोटं कमी पडतो. अकरा क्लिपा, अंगठा दुखून आला पण बसला. मग हार, गोंडा, हळदकुंकू, आणि बाबांनी कधी नव्हे ते बॉनेट उघडूनच गाडीची पूजा केली. शेजारच्यांना वाटलं असेल इंजिनची पूजा करतायत. आपट्याचं पान नमद्यात खोचू नका म्हणून मला सांगावं लागलं.

आरटीओचं थोडक्यात सांगते. आरसी संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, फॉर्म २५, ऑनलाईन. तेव्हा, २०२५ ला, कारला फी ५,००० होती, ग्रीन टॅक्स वेगळा, आणि मुदत गेल्यावर अर्ज केला तर महिन्याला ५०० दंड होता. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली पाहिजे, ती आम्ही आधीच लावून घेतली होती. ४ ऑक्टोबरला अर्ज केला, १३ तारीख मिळाली, वडाळ्याला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढायचा असतो, तो घरीच निवांत काढून नेला, नंबरावरची काजळी आधी डिझेलच्या फडक्याने पुसा म्हणजे आकडे स्वच्छ उमटतात. सकाळी साडेनऊला लाईनीत, सव्वाबाराला आमचा नंबर. इन्स्पेक्टर आले, म्हणाले बॉनेट उघडा. मी उघडलं आणि हात सोडून बाजूला उभी राहिले, हे मी घरी प्रॅक्टिस केल्यासारखं केलं हे कबूल करते. त्यांनी नंबर ताडून बघितला, दहा सेकंद, लाईट, हॉर्न, वायपर, झालं, पुढची गाडी. नमद्याकडे बघितलंसुद्धा नाही. डिक्की उघडली तर आत मॉपची काठी, रबर ठोकलेली. बाबांना विचारलं तर म्हणाले, असू दे गं.

आरसी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आली, २०३० पर्यंत.

उंदराचं राहिलंच. वॉचमनने सांगितलं म्हणून तंबाखूची पानं पुरचुंडीत बांधून ठेवली, एक आठवडा टिकली, पुरचुंडीच कुरतडली. मग कोणीतरी सांगितलं की रात्री बॉनेट उघडं ठेवा, त्यांना अंधार आणि ऊब लागते, उघड्यावर घर करत नाहीत. आता शॉकर आहेत तर ते शक्य झालं, पाऊस नसेल त्या रात्री बॉनेट उघडं टाकतो (बॉनेटखाली दिवा असेल तर तो काढून ठेवा, बॅटरी उतरेल). उंदीर गेले. पण दर रात्री साडेदहा-अकराला बेल वाजते, दार उघडावं तर कोणीतरी शेजारी उभे असतात, तुमच्या गाडीचं बॉनेट उघडं राहिलंय.